पुरे आता!

खेळ रंगात आला की नेमकी आईची हाक यायची, "पुरे आता!" मला भारी राग यायचा. मग एका १ मिलिमीटरच्या कृमीची गोष्ट वाचली. सी. एलेगन्स त्याचं नाव. त्याच्या कातडीत मूळपेशींसारख्या पेशी असतात. 'लिन-४' नावाचा अवघ्या २२ दुव्यांचा आरएनए त्यांना सांगतो, "बालपणीचं काम पुरे, पुढचं धरा!" तो नसेल तर? पेशी जुनेच धडे गिरवत बसतात. कृमी अंगानं वाढतो, पण त्याची कातडी प्रौढ होतच नाही! व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकुन यांनी १९९३ साली हे उलगडलं, २०२४ साली नोबेल मिळवलं. असे शेकडो चिमुकले आरएनए तुमच्या-माझ्या शरीरातही आहेत बरं! आता कळतं, आईची ती हाक नसती, तर मी अजून अंगणातच असतो.