कॅमेरा खाली ठेव, असं मी म्हणायचे

आधी माणूस, मग फोटो. समोर कुणी उपाशी असेल, मरायला टेकलेलं असेल, तर फोटोग्राफरने कॅमेरा खाली ठेवायचा आणि हात द्यायचा. हे मत मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर पानं लावताना बाळगलं, पत्रकारितेच्या वर्गावर पाहुणी म्हणून बोलायला गेले तिथे ठासून मांडलं आणि त्यावर टाळ्याही घेतल्या. आज ते माझं मत नाही. माणुसकीवरचा विश्वास उडाला म्हणून नव्हे. ते मत बाळगायला मला काहीच मोजावं लागत नव्हतं, हे हळूहळू टोचायला लागलं म्हणून.

वर्गातलं हुकमी उदाहरण म्हणजे केव्हिन कार्टर. मार्च १९९३ मध्ये सुदानच्या दक्षिणेत, आयोद गावी या दक्षिण आफ्रिकी छायाचित्रकाराने काढलेला फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो. भुकेने मातीत कोसळलेलं मूल आणि त्याच्या मागे टपून बसलेलं गिधाड. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २६ मार्चला तो छापला, पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं आणि त्याच वर्षी २७ जुलैला, वयाच्या ३३व्या वर्षी, कार्टरने आत्महत्या केली. फ्लोरिडातल्या एका दैनिकाने त्यालाच तिथलं दुसरं गिधाड ठरवलं होतं. मीही गोष्ट तिथे आणून सोडायचे. वर्ग चिडीचूप व्हायचा.

फोटो नीट पाहिला तर त्या मुलाच्या मनगटावर एक पट्टी दिसते. मदत केंद्रात ज्यांची नोंद झाली त्यांना ती बांधलेली असे. म्हणजे मूल कुणाच्या तरी यादीत होतं. कार्टरबरोबर गेलेल्या झुआंव सिल्व्हाच्या सांगण्यानुसार धान्याचं विमान उतरलं होतं आणि मुलांचे आईबाप ते घ्यायला धावले होते. गिधाड आपण हाकललं, असं कार्टरने सांगितलं होतं. २०११ मध्ये स्पेनच्या ‘एल मुंदो’चे पत्रकार त्या गावात पोचले, तेव्हा ते मूल त्या दुष्काळातून जगल्याचं त्याच्या घरच्यांकडून कळलं. एवढा तपशील घातला की गोष्टीची धार जाते. म्हणून तर ती तपशिलाशिवायच फिरते.

तरीही माझं मत बदललं ते आयोदमुळे नाही, दिल्लीमुळे.

लॉकडाउनमध्ये शहरं सोडून चालत निघालेल्या मजुरांबद्दल ३१ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, की सकाळी अकरा वाजता रस्त्यावर कुणीही नाही. त्यानंतर महिनाभर आमच्या डेस्कवर एजन्सीचे फोटो येतच होते. डोक्यावर पत्र्याची ट्रंक, खांद्यावर पोर, सुटकेसवर झोपलेलं लेकरू. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली १६ मजूर गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातली ही माणसं मध्य प्रदेशातल्या गावी जायला निघालेली, रात्रभर चालून रुळांवरच टेकलेली. त्या सकाळचा जो फोटो राज्यभर गेला त्यात एकही माणूस नव्हता. रुळांमधल्या खडीवर विखुरलेल्या चपात्या, एवढंच. प्रवासासाठी बांधून घेतलेल्या. आठवड्याभराने न्यायालयात विषय निघाला, तेव्हा रुळांवर झोपणाऱ्यांना कोण कसं अडवणार, अशा अर्थाचा शेरा खंडपीठाकडून आला.

आणि २८ मे रोजी सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांनी त्याच न्यायालयात मजुरांच्या हालांवर बोलणाऱ्यांना सुनावताना कार्टरची गोष्ट सांगितली. दोन गिधाडांची. त्यातल्या एकाच्या हातात कॅमेरा होता, हा शेवटही तोच.

माझीच गोष्ट, माझ्याच ठसक्यात! फक्त आता ती सरकारी बाकावरून आली होती आणि तिचा उपयोग काय होता, हे लख्ख दिसत होतं. मदत करायचं काम ज्यांचं, तेच विचारत होते की फोटो काढणाऱ्याने मदत का केली नाही. वाटेत उपाशी मजूर भेटला तर फोटोग्राफर त्याला पाण्याची बाटली देऊ शकतो, आणि देतोही. निजामुद्दीन पुलाजवळ फोनवर हमसून रडणाऱ्या मजुराचा फोटो घेणारे पीटीआयचे अतुल यादव यांनी त्याला बिस्किटं आणि पाणी दिलंच होतं. पण रेल्वे सोडणं, रेशन उघडणं, मजुरी थकवणाऱ्याला जाब विचारणं ही कामं कॅमेरावाल्याची नव्हेत. त्याच्या हातात एकच होतं. रस्त्यावर कुणी नाही, असं कुणी म्हणालं तर ते खोटं पाडणं.

हे काही नवीन नाही. १९४३ च्या बंगाल दुष्काळात सरकार दुष्काळाचं नाव काढायला तयार नव्हतं. ‘स्टेट्समन’चे संपादक इयान स्टीफन्स यांनी २२ ऑगस्टला कलकत्त्याच्या फुटपाथवर मरणाऱ्यांचे फोटो छापले आणि पांघरूण फाटलं. सुनील जाना यांचे त्याच दुष्काळातले फोटो आपल्या मुंबईहून निघणाऱ्या ‘पीपल्स वॉर’मध्ये येत होते. भोपाळचं उदाहरण तर माझ्या जुन्या मताला निरुत्तर करणारं आहे. डिसेंबर १९८४ मध्ये रघू राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनीही मातीत पुरल्या जाणाऱ्या एका अनोळखी मुलाचा चेहरा टिपला. त्याला वाचवायची वेळ केव्हाच टळून गेली होती. कॅमेरा खाली ठेवून तिथे कुणाचं भलं होणार होतं?

तर फोटो काढावा. जवळून काढावा, चेहऱ्यासकट काढावा. इथपर्यंत मी आले आहे. कॅमेऱ्यावरची माझी शंका गेली, आणि ती सगळी डेस्कवर, म्हणजे आमच्याच टेबलावर येऊन बसली.

विदर्भात शेतकऱ्याने आत्महत्या केली की स्ट्रिंजरला डेस्कवरून फोन जायचा. बाईच्या मांडीवर नवऱ्याचा हार घातलेला फोटो हवा, पोरं बाजूला हवीत, जमलं तर डोळ्यांत पाणी. असा एक फोटो मला अजून तपशिलाने आठवतो. फ्रेममधला नवरा लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापून मोठा केलेला होता, शेजारच्या कुणाचा तरी खांदा तसाच राहून गेलेला आणि काचेच्या कोपऱ्यात दुकानाचं लेबल. दोन कॉलमांत बसत नाही म्हणून आम्ही कडा कापल्या. खांदाही गेला, लेबलही गेलं. उरली नेहमीची विधवा. मग मदतीच्या पॅकेजची बातमी आली, तोच फोटो. निवडणूक आली, तोच फोटो, खाली बारीक अक्षरात ‘संग्रहित छायाचित्र’. तिची पोरं कॉलेजात गेली असतील, तिने दुसरं काही सुरू केलं असेल, आमच्या संग्रहात ती उंबऱ्यावर रडतच बसलेली. लैंगिक अत्याचार झालेल्या बाईची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे. कर्जाने नवरा गेलेल्या बाईला असलं काही कवच नाही. तिच्या बाबतीत सारं आमच्या मर्जीवर.

याचं सगळ्यात बोचरं उदाहरण अहमदाबादच्या एका शिंप्याचं आहे. त्याचं नाव शोधणाऱ्याला सापडेल. मी इथे मुद्दाम लिहीत नाही. १ मार्च २००२ रोजी रॉयटर्सच्या आर्को दत्त यांनी त्याला टिपलं. डोळे भरलेले, हात जोडलेले, जवानांकडे जिवाची भीक मागणारा. गुजरातमध्ये काय चाललं आहे ते जगाला त्या चेहऱ्याने सांगितलं, आणि तो फोटो काढायलाच हवा होता याबद्दल माझ्या मनात आज तीळभर किंतू नाही. पण मग तो माणूस जीव मुठीत धरून आपल्या मालेगावला बहिणीकडे आला, तिथे काम मिळालं, आणि पंधरवड्याच्या आत त्याच्या फोटोचं वर्तमानपत्र दुकानात पोचलं. काम गेलं. पुढे कोलकाता, मग परत अहमदाबाद. पक्षांनी त्याचा चेहरा प्रचाराला वापरला, त्याला जाहीर हरकत घ्यावी लागली. दहा वर्षांनी आर्को दत्त त्याला भेटले आणि त्यांनी माफी मागितली.

माफी फोटोग्राफरने मागितली. तो फोटो पुन:पुन्हा लावणाऱ्या आमच्यापैकी कुणी मागितल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आता वर्गावर गेले की कार्टरबद्दल मी थोडंच बोलते. पोरांना सांगते की नाव विचारा, गाव विचारा, फोन नंबर घ्या, छापून आल्यावर अंक पोचवा. आणि डेस्कवर बसाल तेव्हा जुना फोटो काढण्याआधी त्या नंबरावर एक फोन लावा. माणूस नको म्हणाला तर दुसरा फोटो शोधा. याला जास्तीत जास्त दहा मिनिटं लागतात. रात्री अकराला पान सोडताना ती दहा मिनिटंही जड जातात, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून वाचकांकडे एक मागणं आहे. पुढच्या वेळी असा फोटो पाहून संताप आला, तर पत्र जरूर लिहा, पण ते फोटोग्राफरला नको. एक संपादकाला लिहा आणि विचारा, या माणसाला विचारून छापलंत का. दुसरं जिल्हाधिकाऱ्यांना लिहा आणि विचारा, हा माणूस रस्त्यावर का आहे.