श्रेयनामावलीच्या खालच्या ओळीत

एम.ए.च्या वर्षांत आम्ही दोघींनी हिचकॉकचा 'रिअर विंडो' (१९५४) प्रथम पाहिला, तेव्हा मनात राहिली ती ग्रेस केली. वीसेक वर्षांनी, चाळिशी ओलांडल्यावर, तोच चित्रपट पुन्हा पाहताना मात्र नजर खिळली ती पाय मोडून घरी बसलेल्या नायकाला मालिश करायला येणाऱ्या विमा कंपनीच्या परिचारिकेवर. शेजाऱ्यांच्या खिडक्यांत डोकावतो म्हणून ती त्याला खडसावते. आणि पुढे तीच हाती फावडे घेऊन पुराव्यासाठी फुलांचा वाफा खणू लागते. हे परिवर्तन इतके सहज घडते की प्रेक्षकाला ते जाणवतही नाही. ही थेल्मा रिटर.

तिचा जन्म १९०२ मधला, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला. अभिनयाचे रीतसर शिक्षण, रंगभूमीवरची किरकोळ कामे, मग संसार आणि मुले, त्यानंतर रेडिओ. 'मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट' (१९४७) या चित्रपटात मुलासाठी खेळणे शोधून दमलेल्या आईची छोटीशी भूमिका तिला मिळाली, तेव्हा ती पंचेचाळीस वर्षांची होती. श्रेयनामावलीत तिचे नावही नव्हते. त्यानंतर १९५० ते १९६२ या काळातील चित्रपटांसाठी सहायक अभिनेत्रीच्या ऑस्करकरिता तिला सहा नामांकने मिळाली. पुरस्कार एकदाही नाही. १९५८ मध्ये 'न्यू गर्ल इन टाउन' या संगीतिकेसाठी टोनी पुरस्कार मिळाला, तोही ग्वेन व्हर्डनबरोबर विभागून.

'ऑल अबाउट ईव्ह' (१९५०) मधली तिची बर्डी ही एका ख्यातनाम नटीची वेशभूषा सांभाळणारी बाई. ईव्ह या नम्र, गोड मुलीचे कपट सर्वांत आधी ओळखते ती बर्डीच. नाटककार, दिग्दर्शक, खुद्द ती नटी, सारे सुशिक्षित लोक फसतात. पण चित्रपट मध्यावर आला की बर्डी कथेतून जवळजवळ नाहीशी होते. जिला सत्य आधी कळले, तिची संहितेला गरज उरत नाही. जोसेफ मॅनकिविझ यांच्या या अत्यंत रेखीव पटकथेतली ही गोष्ट आम्हांला अजून बोचते.

सॅम्युअल फुलर यांच्या 'पिकअप ऑन साउथ स्ट्रीट' (१९५३) मध्ये मात्र तिला तिच्या वाट्याचा अवकाश मिळाला. मो ही टाय विकणारी आणि पोलिसांना खिसेकापूंच्या खबरा पुरवणारी म्हातारी. ती पैसे साठवते ते स्वतःच्या दफनासाठी. बेवारशांच्या दफनभूमीत आपल्याला पुरले जाऊ नये, एवढीच तिची इच्छा. एका रात्री मारेकरी खोलीत येतो. मो थकलेली आहे. घाबरण्याइतकेही त्राण तिच्यात उरलेले नाही. ती बोलत राहते, ग्रामोफोन वाजत राहतो. कॅमेरा तिच्यावरून तबकडीकडे सरकतो आणि गोळीचा केवळ आवाज ऐकू येतो. चित्रपटाचा नायक खिसेकापू आणि खलनायक कम्युनिस्ट हस्तक. पण त्या दोघांहून अधिक काळ स्मरणात राहते ती टाय विकणारी ही बाई. पुढे नायक तिची शवपेटी सोडवून आणतो आणि तिचे रीतसर दफन करतो, ही फुलर यांनी दाखवलेली करुणा.

रिटर १९६९ मध्ये वारली. तिच्याविषयी विचार करताना आमच्या वर्गातला एक प्रसंग आम्हांला वारंवार आठवतो. नेमलेल्या नाटकातील मोलकरणीविषयी एका विद्यार्थिनीने विचारले होते, "मॅडम, हे पात्र नाटकात कशासाठी आहे?" आम्ही तत्परतेने उत्तर दिले, "कथानक पुढे नेण्यासाठी." तिने ते निमूटपणे वहीत उतरवून घेतले.

गेल्या अंतर्गत परीक्षेत आम्ही त्याच मोलकरणीवर पाच गुणांच्या टिपेऐवजी दीर्घोत्तरी प्रश्न घातला. बहुतेकांची उत्तरे अर्ध्या पानातच संपली. त्यांना दोष कसा द्यावा? एवढेच तर आम्ही शिकवले होते.