टिपणे

मराठीतील ‘टिपणे’ हे क्रियापद मोठे विलक्षण आहे. पाखरू दाणे टिपते, पारधी पाखराला टिपतो, छायाचित्रकार त्याच पाखराची छबी टिपतो आणि हे सारे घडून गेल्यावर अभ्यासक आपल्या वहीत टिपणे काढीत बसतो. डोळ्यांतले पाणीही आपण टिपतोच. भूक, हत्या, दर्शन, विद्या आणि शोक यांना एकाच शब्दात नांदविणाऱ्या भाषेला आपल्याहून काही अधिक ठाऊक असावे, ही जाणीव मला फार उशिरा झाली. तिला निमित्त झाली एक जुनी दुर्बीण.

ही दुर्बीण मी पुण्यात विद्यार्थी असताना घेतली. ८० मिलिमीटर व्यासाचे भिंग, ६०० मिलिमीटर नाभीय अंतर आणि एक कुरकुरणारी तिवई एवढाच तिचा संसार. शनीची कडी आणि गुरूचे चंद्र पाहावेत, यापलीकडे तिच्याकडून माझी अपेक्षा नव्हती. पुढे अभ्यागत प्राध्यापक म्हणून दिल्लीस येणे झाले, तेव्हा ग्रंथांच्या पेट्यांबरोबर तीही आली. परंतु येथील धुरकट, दिव्यांनी उजळलेल्या आकाशात तिला पाहण्याजोगे फारसे उरले नव्हते. मग मी तिचे तोंड आकाशाकडून जमिनीकडे वळविले आणि सुटीच्या दिवशी पहाटे ग्रेटर नोएडाजवळच्या धनौरीच्या पाणथळीवर जाऊ लागलो. तेथे सारस असतात.

ताऱ्यांसाठी घडविलेले यंत्र पाखरांपुढे प्रथम बावरते. केप्लरने १६११ मध्ये सांगितलेल्या रचनेची ही दुर्बीण सारे काही उलटे दाखविते. ताऱ्याला वर-खाली नसल्यामुळे ज्योतिर्विदाचे काही अडत नाही. सारस मात्र पाण्याच्या छताला लाल डोक्यांनी लोंबकळताना दिसतात. नेत्रिका काढून तेथे एका कड्याने कॅमेरा जोडला, की दुर्बिणीची नळी हीच कॅमेऱ्याचे लांबलचक भिंग होते आणि चित्र सुलट उमटते. कारण कोणत्याही भिंगाने पाडलेली उलटी प्रतिमा सुलटी करून घेण्याची कॅमेऱ्याला सवयच असते. बाकीच्या अडचणी उरतातच. नाभीयन हाताने करावे लागते. बोटाच्या स्पर्शानेही नळी थरथरते, म्हणून कळ दूरवरून, तारेने दाबावी लागते. साठ मीटरांवर जेमतेम चार-पाच मीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. जोडीतला एक पक्षी रेखीव आला, तर चार पावले मागे रेंगाळलेला दुसरा धूसर होतो. ऊन तापले की जमिनीवरची हवा लहरू लागते आणि कोरड्या बांधावरचा पक्षीही पाण्याखाली असल्यासारखा भासतो. या सर्वांहून मोठी अट निराळीच आहे. अमुक अंतराच्या आत गेले, की या दुर्बिणीला काहीच दिसत नाही. दूर राहाल तरच दाखवीन, असा तिचा स्वभाव आहे.

मला तो मानवला, त्याचे कारण धनौरीत नाही. गोंदियाजवळच्या एका धानाच्या बांधीत आहे. महाराष्ट्रात सारस उरले आहेत ते प्रामुख्याने गोंदिया-भंडारा भागात, आणि तेही थोडेच. वीसेक वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, एका परिचिताच्या शेतात मी त्यांचे घरटे पाहिले. माझ्याजवळ साधा कॅमेरा होता. शेताच्या मालकाने पुढे न जाण्याविषयी दोनदा सांगितले. मी चिखल तुडवीत गेलो. पक्षी ओरडत बाजूला झाले आणि गवताच्या ढिगावरच्या दोन अंड्यांचे छायाचित्र मी घेतले. त्यानंतर समाधान होईना, म्हणून बराच वेळ तेथेच रेंगाळलो. दुसऱ्या दिवशी घरटे रिकामे होते. कावळ्यांनी नेली की कुत्र्यांनी, हे कोणी पाहिले नव्हते. त्या गृहस्थांनी मला दोष दिला नाही. आपल्या वडिलांच्या वेळेपासून या बांधीत सारस येत आहेत, एवढेच ते म्हणाले.

ते छायाचित्र उत्तम आले आहे. मी ते कोणासही दाखविलेले नाही.

तौलनिक साहित्याच्या वर्गात क्रौंचवधाची कथा मी अनेकदा शिकविली आहे. शोकातून श्लोक जन्मला, ही आपल्या काव्यपरंपरेने स्वतःच्या जन्माची सांगितलेली कथा. ज्युलिया लेस्ली यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात वाल्मीकीचा क्रौंच म्हणजे सारसच होय, असे साधार मांडले. मराठीत त्या नावाचा ध्वनी ‘करकोचा’ या शब्दात ऐकू येतो. पण तो पक्षी वेगळा. हे सारे सांगत असताना माझी जागा ऋषीच्या शेजारी आहे, असे मी गृहीत धरून चाललो होतो. गेल्या वर्षी, निरनिराळ्या भाषांतून आलेल्या विद्यार्थ्यांच्या वर्गात, एका मुलीने विचारले, “सर, ती जोडी निषादालाही तितकीच स्पष्ट दिसली असेल ना?” मी काहीतरी उत्तर दिले. ते उत्तर नव्हते. नेम धरणाऱ्याइतके एकाग्रतेने कोण पाहतो? पाहण्याची उत्कटता हा निर्दोषपणाचा पुरावा नव्हे, हे गोंदियाच्या चिखलात शिकलेले मी वर्गात विसरलो होतो.

सलीम अलींच्या पक्षिविद्येचा आरंभ त्यांनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीपासून झाला. ती कोणत्या जातीची, हे विचारण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. ही हकीकत त्यांनी लपविली नाही. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राला त्यांनी चिमणीच्या पतनाचेच नाव दिले. निषादाला ऋषी होता येते, हा तिचा एक अर्थ. ऋषीने आपल्यातला निषाद विसरू नये, हा दुसरा; मला तो अधिक उपयोगी वाटतो. आपण दुसऱ्या भाषेतील कृतीजवळ जातो, तीही पुष्कळदा अंड्यांपर्यंत पोहोचायच्या घाईने. जे हाती लागते ते रेखीव असते. मागे काय रिकामे झाले, हे पाहायला आपण थांबत नाही.

धनौरीची माझी बहुतेक चित्रे सदोष आहेत. एका चित्रात नर पंख उभारून साद घालतो आहे आणि त्याला साथ देणारी मादी धुक्यासारखी पुसट आहे. मला त्याचा खेद होत नाही. चित्रांपेक्षा मी आता एक वही अधिक जपतो. तीत पक्ष्याच्या नावापुढे अंतर लिहितो आणि मी तेथे असताना त्याने काय केले, ते लिहितो. परवाची नोंद अशी आहे: ‘सारस, दोन. अंतर सुमारे ऐंशी पावले. मी निघेपर्यंत दाणे टिपत होते.’