दोन मिनिटं आधी सुटलेला रोजा

मी नांदेडला असतो, पण आमची मशीद लातूरची. तिथला नमाजच्या वेळांचा खडूने लिहायचा फळा काढून संगणकाचा पडदा लावायचं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं. एका दुकानातून निघालेला जुना संगणक मिळाला. त्यावर लिनक्स घातलं आणि एक्स विंडो सिस्टिमसाठी सी भाषेत प्रोग्राम लिहिला.

वेळेबाबत मी फार जपून होतो. लातूर नांदेडच्या पश्चिमेला, जवळपास पाऊण अंश. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे लातूरला सूर्य साधारण तीन मिनिटं उशिरा मावळतो. नांदेडचं वेळापत्रक तसंच लावलं असतं तर लातूरकरांचे रोजे आधीच सुटले असते. म्हणून लातूरचा तक्ता वेगळा केला, तीनदा तपासला.

पडद्याची मांडणी साधी होती. मागे हिरवा रंग, त्यावर काळी पाटी, पाटीवर मगरिबला उरलेला वेळ. वेळ झाली की पाटी निघून सगळा पडदा हिरवा. चष्मा घरी राहिला तरी कळावं, हा हेतू.

पहिल्याच रोजाला, दोन मिनिटं बाकी असताना, वजू करून घाईने आलेल्या एका चाचांनी पडद्याकडे नजर टाकली आणि खजूर तोंडात घातला. दस्तरखानावरचे सगळे बघत राहिले.

"हरा हुआ था ना?" चाचा म्हणाले.

खरंच झाला होता. क्षणभर, आणि दर सेकंदाला. आकडे बदलण्याआधी माझा प्रोग्राम खिडकी पुसायचा. एक्समध्ये खिडकी पुसणं म्हणजे ती मागच्या रंगाने भरणं. त्यानंतर पाटी, त्यानंतर एकेक आकडा. पडदा सेकंदाला साठ वेळा ताजा होतो. पुसणं आणि पाटी काढणं यांच्या मधोमध त्याची पाळी आली की नुसता हिरवा दिसणार. नांदेडच्या माझ्या वेगवान संगणकावर हे लुकलुकणं डोळ्याला जाणवलंच नव्हतं. जुन्या यंत्राला पाटी रंगवायला वेळ लागत होता. हिशेब बरोबर होता, पण तो मी अर्धवट अवस्थेत लोकांपुढे ठेवत होतो.

यावरचा उपाय जुनाच आहे, डबल बफरिंग. इफ्तारचं ताट आपण आत भरतो आणि पूर्ण झाल्यावर बाहेर आणतो. फळं चिरताना कुणाला दाखवत नाही. तसंच चित्र मागच्या, न दिसणाऱ्या बफरमध्ये पूर्ण काढायचं आणि मग एका सूचनेने पुढे आणायचं. एक्समध्ये यासाठी डीबीई नावाची जोड १९९६ साली आली. पण ती प्रत्येक ठिकाणी असेलच असं नाही, म्हणून प्रोग्रामने आधी सर्व्हरला विचारायचं असतं. नसेल तर पिक्समॅपवर चित्र काढून ते खिडकीत उतरवायचं. खर्च काय, तर १०२४ बाय ७६८ च्या पडद्याला बिंदूमागे चार बाइट धरून ३ एमबी जादा मेमरी. त्या जुन्या यंत्रालाही ती जड नव्हती.

तरावीहनंतर बसलो आणि सहरीच्या आत दुरुस्त केलं. डीबीई होती, तरी पिक्समॅपची वाटही लिहून ठेवली. खिडकीचा मूळ रंगही काळा करून टाकला. आता कधी एखादा आकडा वर जुना, खाली नवा असा दिसला तरी वेळेआधी हिरवा दिसणार नाही, कारण तो कुठे काढलेलाच नसतो.

इमामसाहेबांनी सांगितलं, चाचांना त्या दिवसाचा कजा रोजा ठेवावा लागेल. मी माफी मागायला गेलो तर चाचा म्हणाले, "एकच ना? ठेवू."

ईद झाल्यावर त्यांनी तो ठेवला. त्या दिवशी मीही नफिल रोजा धरला आणि संध्याकाळी मशिदीत त्यांच्या शेजारी बसलो. पडदा हिरवा झाला. चाचांनी खजूर हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि अजान सुरू होईपर्यंत थांबले.