पाच मिलिमीटरची पट्टी

सोमवार, 8 जुलै 2024
जालन्याच्या बियाणेवाल्यांचं पार्सल न्हावा-शेव्याच्या ऑफिसात पोचलं. पुढच्या खरिपासाठी सोयाबीन बियाण्याच्या पिशव्या व्हिएतनामहून मागवायचा त्यांचा विचार आहे. ऑर्डर अजून दिलेली नाही, हे बरं आहे. नमुने तीन, सोबत प्रोफॉर्मा इन्व्हॉइस. तिन्हींपुढे एकच वर्णन, ‘प्रिंटेड पीपी बॅग’, आणि एकच कस्टम्स टॅरिफ कोड, 3923.

एवढ्यावर मी कोडाला होकार देणार नाही. पॉलिप्रॉपिलिनची पिशवी फिल्मची असते, विणलेली असते, नॉन-वोव्हनही असते. हेडिंग 3923 मध्ये माल भरायच्या आणि वाहून न्यायच्या प्लास्टिकच्या वस्तू येतात. 6305 मध्ये माल भरायच्या कापडी गोण्या येतात: तागाच्या, सुताच्या आणि पॉलिइथिलीन-पॉलिप्रॉपिलिनच्या पट्ट्या विणून केलेल्याही. प्लास्टिकची पट्टी कापड कशी, हा प्रश्न प्रत्येक आयातदार विचारतो. त्याचं उत्तर नमुना हातात घेऊनच द्यावं लागतं.

मंगळवार, 9 जुलै
सकाळपासून पावसानं उरणचा रस्ता तुंबलाय. डॉकवर जाणं रद्द केलं आणि पहिला नमुना उसवायला घेतला. साधी पांढरी विणलेली गोणी, लॅमिनेशन नाही. तोंडाकडच्या कापलेल्या कडेतून सुईच्या टोकानं एक पट्टी सोडवली. विणीत ती लांबीला किंचित दुमडली गेली होती. ऑफिसातला नवा मुलगा ती नखानं सपाट करायला लागला तेव्हा त्याला थांबवलं. मोजायची ती पट्टीची दिसणारी रुंदी. दुमडलेली असेल तर दुमडलेली, पिळलेली असेल तर पिळलेली, जशी आहे तशीच. व्हर्नियरनं तीन ठिकाणी मोजली, अडीच मिलिमीटरच्या आसपास भरली.

टॅरिफच्या अकराव्या सेक्शनच्या पहिल्याच नोटमध्ये हे लिहिलंय. पाच मिलिमीटरपेक्षा जास्त रुंदीची प्लास्टिकची पट्टी कापडाच्या सेक्शनमधून बाहेर. ती चॅप्टर 39 मध्ये जाते आणि तिचं विणकाम चॅप्टर 46 मध्ये. पाच किंवा त्याहून कमी असेल तर पट्टी 5404, तिचं कापड 5407, आणि त्या कापडाची गोणी 6305. मुलानं विचारलं, “मॅडम, प्लास्टिकचा दाणा तर एकच ना?” दाणा एकच. पण पट्टी कशी केली आणि तिचं पुढे काय केलं यावर टॅरिफ चालतं, आणि मला ते योग्य वाटतं. कच्च्या मालावरच सगळं ठरवलं असतं तर खताची गोणी आणि दुधाची पिशवी एकाच ओळीत बसली असती.

बुधवार, 10 जुलै
दुसरा नमुना. हाच खरा वादाचा.

बाहेरून चकचकीत बीओपीपी, म्हणजे ताणून केलेल्या पॉलिप्रॉपिलिनची फिल्म, त्यावर सोयाबीनच्या शेंगांचं रंगीत चित्र. पिशवी उलटी करून खिडकीशी नेली. आतल्या बाजूला वीण उघडी आहे, बोटाला पट्ट्यांचे उंचवटे लागतात. कोपऱ्यात फिल्म नखानं उचलली तर खाली वितळवून पसरलेल्या प्लास्टिकचा पातळ थर, आणि त्याखाली कापड. म्हणजे लेप एकाच बाजूला.

चॅप्टर 59 ची दुसरी नोट सांगते की कापड दोन्ही बाजूंनी पूर्ण प्लास्टिकनं झाकलेलं असेल आणि तो लेप नुसत्या डोळ्यांना दिसत असेल, तर ते चॅप्टर 39 मध्ये. नुसता रंग बदललेला दिसणं धरायचं नाही. एकाच बाजूला लेप असेल तर ते लेपाचं कापड, 5903, आणि त्याची गोणी 6305.

आपल्याकडचा इतिहास मात्र वेगळ्या वाटेनं गेलाय. 1990 मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयानं राज पॅकवेलच्या अबकारीच्या खटल्यात एचडीपीई पट्ट्यांच्या गोण्या प्लास्टिकच्या वस्तू ठरवल्या. 31 डिसेंबर 2018 च्या जीएसटी सर्क्युलरनं बीओपीपी लॅमिनेशनच्या पीपी पिशव्या 3923 मध्ये घातल्या, आणि बिनलॅमिनेशनच्या विणलेल्या पिशव्या ज्या पदार्थाच्या असतील त्याप्रमाणे घ्या म्हटलं. लॅमिनेशन एका बाजूला की दोन्ही, यात ते सर्क्युलर शिरतच नाही. माझं मत स्पष्ट आहे: नोट टॅरिफचाच भाग आहे, म्हणून आधी नोट वाचली पाहिजे. पण माझ्या मतावर जालन्याच्या माणसाचा कंटेनर अडकवून ठेवता येत नाही.

गुरुवार, 11 जुलै
तिसरा नमुना सोपा. आत घालायची पॉलिथिनची पातळ पिशवी, सुटी, फिल्मची. 3923 21. पाच मिनिटांत झालं.

दुपारी जालन्याहून फोन. “ताई, 2020 पासून 3923 आणि 6305 दोन्हीकडे आयजीएसटी अठराच टक्के. मग एवढी चिरफाड कशाला?”

त्यांना नीट समजावलं. अठरा टक्के दोन्हीकडे आहेत हे खरं. पण बेसिक ड्यूटी हेडिंगप्रमाणे लागते. तुम्ही आसियान कराराची सवलत मागणार, त्याच्या सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनवर कोड सहा आकडी असतो. बिल ऑफ एंट्रीत वेगळा कोड दिसला की शंका निघते, आणि 2020 च्या नियमांनी माल खरोखर तिथलाच आहे हे दाखवणारी माहिती बाळगण्याची जबाबदारी आयातदारावर टाकलीय. नुसत्या सर्टिफिकेटावर भागत नाही. “म्हणजे आधीच ठरवून घेतलेलं बरं,” ते म्हणाले. तेच तर.

शुक्रवार, 12 जुलै
मधली दोन कामं. एका कोकणातल्या काजूवाल्याला बांगलादेशातून तागाच्या गोण्या आणायच्यात. 6305 10, त्यात वाद नाही. पण 2017 पासून त्यांवर अँटी-डंपिंग ड्यूटी आहे, ती गाठीशी धरून हिशोब करा असं कळवलं.

दुसऱ्याचा प्रश्न प्लास्टिकच्या दाण्याच्या कंटेनरचा: आतल्या पंचवीस किलोच्या गोण्यांचा कोड वेगळा द्यायचा का? नाही. मालाबरोबर येणारं नेहमीचं पॅकिंग मालाच्याच कोडात जातं, टॅरिफचा अर्थ लावायचा नियम पाच (ख). पुन्हापुन्हा वापरण्यासारखं असेल तरच वेगळा विचार. तीच गोणी रिकामी आली की तिला स्वतःचा कोड लागतो.

मुलानं मग बाजारातली बंदाची पिशवी काढली. प्लास्टिकच्या शीटची, धरायला बंद लावलेली, फार दिवस टिकावी म्हणून न केलेली पिशवी चॅप्टर 42 च्या नोटमुळे 4202 मधून वगळलीय, ती 3923. पोरगं आता नोटा आधी वाचायला लागलंय, हे पाहून फार बरं वाटलं.

सोमवार, 15 जुलै
जालन्याचं ठरलं: दुसऱ्या नमुन्यासाठी बॅलार्ड इस्टेटच्या अ‍ॅडव्हान्स रूलिंग प्राधिकरणाकडे अर्ज. फी दहा हजार, निर्णयासाठी कायद्यात तीन महिने. पिशव्या उन्हाळ्याच्या तोंडाला लागणार, वेळ पुरतो. शिवाय अर्ज माल यायच्या आधीच करायला हवा. आयातदाराचा तोच प्रश्न कस्टम्सच्या अधिकाऱ्यापुढे प्रलंबित असला की प्राधिकरण अर्ज घेत नाही.

प्रश्न असा लिहिला: अडीच मिलिमीटर दिसणाऱ्या रुंदीच्या पॉलिप्रॉपिलिन पट्ट्यांची विणलेली, फक्त बाहेरून बीओपीपी लॅमिनेशन केलेली, छापील, पंचवीस किलो बियाणं भरायची गोणी 6305 33 मध्ये की 3923 29 मध्ये? खाली नोट, 1990 चा निकाल आणि 2018 चं सर्क्युलर, तिन्ही जोडली. आपल्या विरुद्ध जाणारंही लपवायचं नाही, हे जालन्याला बजावलं आणि त्यांनी लगेच मानलं.

व्हिएतनामच्या कारखान्याला ईमेल गेली. यापुढे इन्व्हॉइसवर तिन्ही पिशव्या वेगळ्या ओळींत, आणि प्रत्येकीपुढे पट्टीची रुंदी, कापडाचं जीएसएम (चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये), लेप कोणत्या बाजूला, मापं, काय भरणार. संध्याकाळी उत्तर आलं: रुंदी आणि जीएसएम उद्या देतो, लेपाचं प्रॉडक्शनला विचारून कळवतो.