दोनशे फवारे

गेवराईत दसरा उलटला की रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागतो. ही कविकल्पना नव्हे. शहागडकडून आणि बीडकडून येणाऱ्या ट्रॅक्टरांतून, टेम्पोंतून उडालेले पुंजके काट्यांना अडकतात आणि फाल्गुनापर्यंत तिथेच लोंबत राहतात. याच दिवसांत तालुक्यातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला निघून जातात. मी मात्र गावातच राहतो. कारण माझे काम कापसाचे आहे. जिनिंगच्या वजनकाट्यावर मी नोंदी ठेवतो. कोणाची गाडी, किती क्विंटल, किती घट, हे सारे माझ्या वहीत असते. आणि हंगाम सुरू झाला की आठ-पंधरा दिवसांत माझा श्वास आखडू लागतो.

दमा मला लहानपणापासून आहे. रात्री छातीत शिट्टी वाजू लागली की आई ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकत असे आणि उजाडेपर्यंत मला भिंतीला टेकवून बसवीत असे. मृगाच्या मुहूर्तावर ती मला हैदराबादला घेऊन गेली. आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, तेव्हापासून आजारपण असो की बाजारहाट, हैदराबाद हे आमच्या जुन्या माणसांना परके शहर वाटत नसे. तिथे बत्तिनी घराण्यातील माणसे दम्याच्या रोग्यांना जिवंत लहान माशाच्या तोंडात पिवळसर औषध घालून तो मासा गिळायला देत. ती गर्दी, तो थंड, वळवळणारा मासा घशातून उतरतानाचा क्षण आणि आईचा पदर घट्ट धरलेली माझी मूठ अजून आठवते. लागोपाठ तीन वर्षे आम्ही गेलो. दर वेळी परत आल्यावर मला बरे वाटे आणि आई ते माशाचे पुण्य मानी. मृगापासून दसऱ्यापर्यंत गावात कापूसच नसतो, हे ध्यानात यायला मला फार वर्षे लागली.

‘पंप’ हाती आला तो पुढे, नोकरी लागल्यावर. इनहेलरला आमच्याकडे पंपच म्हणतात. डॉक्टरांनी दोन पंप लिहून दिले होते. एक धाप लागली तर घ्यायचा, दुसरा सकाळ-संध्याकाळ नेमाने. पहिल्याने पाच मिनिटांत छाती मोकळी होई. दुसरा घेतला काय नि न घेतला काय, त्या क्षणी काहीच कळत नसे. शिवाय त्यात स्टेरॉईड आहे असे कोणीतरी सांगितले आणि त्या शब्दाची मला धास्ती बसली. महिन्याभरात दुसरा पंप कपाटात गेला. पहिला खिशात राहिला, तोही चोरून. ‘पंप लागला की माणूस कामातून गेला,’ हे आईचे मत, आणि गावाचेही. मी गोडाऊनच्या मागे जाऊन, इकडेतिकडे पाहून फवारा मारीत असे आणि काट्यावर परत येऊन बसत असे. हात थोडे थरथरत, काळीज धडधडे. ते औषधाचे परिणाम आहेत हे ठाऊक नव्हते. चोरी पकडली जाईल याचीच ती भीती असावी असे वाटे.

अशी चार-पाच वर्षे गेली. एका पौषाच्या रात्री मी पदवीचा स्वाध्याय लिहीत बसलो होतो. आईने चुलीत पऱ्हाटी घातली होती, आणि तिचा धूर घरभर कोंदला होता. दिवसभर काट्यावर आधीच पाच-सहा वेळा पंप घेतला होता. अकराच्या सुमारास धाप लागली. पंप घेतला, उतार नाही. पुन्हा घेतला. हलवून पाहिला तर आत काही खळखळत होते, दाबला की फुस्सही होत होते, पण छाती सुटत नव्हती. मी दहा वेळा दाबला, पंधरा वेळा दाबला. बायकोने विचारले, ‘काय होतंय?’ मला ‘गाडी’ एवढा एकच शब्द सांगता आला. पुढचा शब्द निघेना. शेजाऱ्याच्या जीपमध्ये मी पुढच्या सीटवर, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, वाकून बसलो होतो. मागे आई होती. ती रडत नव्हती. माझ्या प्रत्येक श्वासाबरोबर स्वतः श्वास घेत होती, तो आवाज मला ऐकू येत होता.

नेब्युलायझर, प्राणवायू, इंजेक्शन. पहाटेपर्यंत मी पूर्ण वाक्य बोलू लागलो. डॉक्टरांनी पंप हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, ‘यात फवारे किती असतात?’ डब्यावर लिहिलेले होते: 200. ‘कधी आणला होता?’ मला आठवेना. बायको म्हणाली, ‘संक्रांतीच्या आधी. तीन आठवडे झाले असतील.’ दोनशे भागिले एकवीस; हिशोब माझा धंदाच. दिवसाला नऊ ते दहा. शेतकऱ्याच्या कापसात अर्ध्या किलोची घट लागली तरी लिहून ठेवणारा मी, श्वासाची नोंद मात्र कुठेच केली नव्हती.

डॉक्टरांनी सांगितले, औषध संपल्यावरही डब्यातला वायू काही काळ बाहेर येत राहतो. म्हणून आवाज येतो, फवारा दिसतो आणि माणूस फसतो. ज्या डब्यावर आकडा उतरत जातो तोच घ्यावा. नसेल तर स्वतः लिहावे. पाण्यात तरंगवून पाहण्याची युक्ती भरवशाची नाही. मग त्यांनी कागदावर श्वासनळीचे चित्र काढले. धापेच्या वेळचा पंप म्हणजे साल्बुटामॉल. तो नळीभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करतो. नळीच्या आतली सूज त्याने जात नाही. ती उतरवण्याचे काम त्या दुसऱ्या, कपाटात टाकलेल्या पंपाचे. म्हणजे मी इतकी वर्षे दार ढकलून उघडत होतो, आणि आत भिंती फुगत चालल्या होत्या. आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त वेळा धापेचा पंप लागला तर दमा ताब्यात नाही असे समजून दाखवायला यावे, असे ते म्हणाले. मला तो दिवसातून दहादा लागत होता.

‘आता घेऊन दाखवा,’ ते म्हणाले. मी आधी दाबला, मग श्वास ओढला. ‘निम्म्याहून अधिक औषध तुमच्या जिभेवर राहिले.’ लिहायला शिकवावे तसे त्यांनी मला शिकवले. आधी पंप हलवायचा. श्वास पूर्ण सोडायचा, ओठ घट्ट मिटायचे. श्वास सावकाश आत घेऊ लागताच एकदाच दाबायचे आणि खोल ओढत राहायचे. मग दहा अंक मोजेपर्यंत रोखून धरायचे. दुसरा फवारा लागलाच तर अर्धा-एक मिनिट थांबून. धापेच्या वेळी हे सारे साधत नाही. त्यासाठी स्पेसर नावाचे नळकांडे असते. आधी औषध त्यात उतरते, मग माणूस आपल्या श्वासाने ते घेतो. ते विकत घेणे जमत नसेल तर अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढे, घट्ट बसेल असे छिद्र पाडूनही काम भागते. दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनच्या डॉक्टरांनी 1999 साली मुलांवर तपासून हे दाखवून दिले. पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांची आमच्या बसस्थानकावर वाण नाही. मी घरी जाऊन पहिले काम ते केले.

पुढे वाचनात आले की असा पंप निघाला तोच एका मुलीच्या प्रश्नातून. अमेरिकेत 1955 साली एका औषध कंपनीच्या प्रमुखाच्या दमेकरी मुलीने वडिलांना विचारले, की केसांच्या फवाऱ्यासारखे माझे औषध डब्यात का भरत नाहीत? पुढच्याच वर्षी तो बाजारात आला. दहा वर्षे होतात न होतात तोच इंग्लंडमध्ये दम्याने तरुण माणसांचे मृत्यू वाढू लागले. त्या काळच्या तीव्र औषधाच्या फवाऱ्यांवर संशय गेला. 2019 पासून तर दम्यावरील आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की प्रौढांनी नुसत्या साल्बुटामॉलवर राहू नये, सूज उतरवणारे औषध सोबत हवेच. हे वाचताना मला गोडाऊनची मागची भिंत आठवत होती.

आता माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर तारखा आणि आकडे असतात. नेमाचा पंप मी सोडत नाही; तो घेतल्यावर चूळ भरतो, नाहीतर तोंड येते. उन्हाळ्यात धापेचा पंप माठाजवळच्या कोनाड्यात असतो, गाडीच्या टपाखाली तापत नाही. धाप लागली तर काय करायचे ते डॉक्टरांनी माझ्यापुरते लिहून दिले आहे आणि तो कागद बायकोने भिंतीला चिकटवला आहे. ताठ बसवा, बाटलीतून एकेक करून चार फवारे, चार मिनिटे थांबा, उतार नसेल तर पुन्हा चार. तरीही नसेल, किंवा बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर वाट न पाहता 108 लावा, आणि गाडी येईपर्यंत फवारे चालू ठेवा. आईला वाचता येत नाही. तिने ते पाठ केले आहे. चूल तिने स्वतःहून बाहेर पडवीत नेली.

गेल्या हंगामात एक हमाल पोरगा काट्यामागे येऊन उभा राहिला. वय वीस असेल. ‘भाऊ, तुमचा पंप द्या ना एकदा. मागल्या साली तुम्ही मागं जाऊन घेत होता, मी बघितलं होतं.’ त्याच्या खांद्यावर, भुवयांवर कापूस होता आणि मानेची शीर श्वासागणिक आत ओढली जात होती. दुसऱ्याचे औषध घेऊ नये, हे मला ठाऊक होते. पण ते सांगण्याची ती वेळ नव्हती. त्याला पोत्यावर ताठ बसवले, बाटली त्याच्या तोंडाला लावली, एकेक फवारा दिला आणि घड्याळ पाहत बसलो. चौथ्यानंतर तो थोडा बोलू लागला. म्हणाला, ‘झालं, आता जातो, गाडी खाली करायची राहिली.’ मी त्याचा दंड धरला. दिवसाची हजेरी बुडेल, म्हणून तो हटून बसला. शेवटी उरलेली गाडी दुसऱ्याकडे देऊन त्याला दवाखान्यात नेले. वाटेत तो एकसारखा ‘आईला सांगू नका’ म्हणत होता.

परत आल्यावर वही उघडली. माझ्या आकड्यांच्या खाली त्या दिवशीची तारीख लिहिली आणि पुढे लिहिले: 4, त्याचे.