आमची एमएच-३६ कन्व्हर्टिबल

"तुझ्याकडे कन्व्हर्टिबल आहे म्हणे!"

ऑफिसात नुकताच पुण्याहून बदलून आलेला एक मुलगा. कॉफी मशीनपाशी त्यानं मला गाठलं. डोळ्यांत भलताच आदर! मी म्हटलं, "आहे की. छत काढलेलंच असतं."

संध्याकाळी तो हौसेनं माझ्याबरोबर पार्किंगमध्ये आला. त्याच्या डोक्यात बहुधा 'दिल चाहता है'मधली ती गोव्याला निघालेली चकाचक गाडी असावी. समोर उभी होती १९९६ सालची महिंद्रा एमएम ५४०. रंग एकेकाळी हिरवा. कॅनव्हासचं हूड मागे गुंडाळून सुतळीनं बांधलेलं. नंबरप्लेटवर एमएच-३६, म्हणजे आमचा भंडारा.

"अगं, ही तर जीप आहे!"

"छत निघतं ना? मग झाली कन्व्हर्टिबल."

खरं सांगायचं तर मी अगदीच थाप मारली नव्हती. आपल्याकडे छत उघडणारी स्टायलिश टू-सीटर बनवायचा प्रयत्न झाला होता. १९९८ साली गोव्यात 'सॅन स्टॉर्म' नावाची गाडी आली. फायबरग्लासची बॉडी, रेनोचं इंजिन. पण किती जणांनी ती रस्त्यावर पाहिली असेल? आपल्या लोकांना उघड्या गाडीची हवा खाऊ घातली ती जीपनंच. वरातीतल्या नवरदेवापासून प्रचारातल्या उमेदवारापर्यंत सगळे तिच्यातच उभे राहिले. २०२० साली नवी थार आली, तीसुद्धा सॉफ्ट टॉपचा पर्याय घेऊन. म्हणजे जे सुख आमच्या घरी जुनं झालं होतं, त्यासाठी लोक शोरूममध्ये नाव नोंदवत होते!

पण सुख वगैरे म्हणण्याआधी उघडी गाडी रोज वापरून बघा, बॉस. हिच्यात काहीच ठेवता येत नाही. लॅपटॉप, डबा, छत्री सगळं खांद्यावर घेऊन लिफ्टनं वर. नवतपात सीट अशी तापते की बसण्याआधी ओला टॉवेल अंथरावा लागतो. मी डोक्याला दुपट्टा गुंडाळून, गॉगल लावून ऑफिसात शिरते तेव्हा सिक्युरिटीवाले काका रोज नव्यानं आयडी मागतात. पावसाचं तर विचारूच नका. हूडचे पाइप उभे करा, कॅनव्हास ओढा, बक्कल लावा. दोन माणसांचं वीस मिनिटांचं काम. तेवढ्यात पाऊस थांबलेला असतो. शिवाय सिग्नलला शेजारचा स्कूटरवाला थेट गप्पाच सुरू करतो. काच वर करून 'मी नाही बाई ऐकलं' म्हणायची सोयच नाही.

मग ही गाडी माझ्याकडे का? कारण ती बाबांची आहे.

बाबा छोटे ठेकेदार. भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. गोंड राजवटीच्या काळापासून इथल्या कोहळी मंडळींनी बांधलेले शेकडो तलाव आहेत. पुढे ते मालगुजारांकडे गेले, मालगुजारी संपली आणि त्यांचं नाव पडलं 'माजी मालगुजारी तलाव'. आमच्याकडे नुसतं 'मामा तलाव' म्हणतात. या तलावांच्या पाळी, सांडवे आणि पाणी सोडायचं तुडुम, यांच्या दुरुस्तीची कामं बाबा घ्यायचे. जीप त्यासाठीच घेतलेली. चिखलातून पाळीवर चढेल आणि तिथून पुन्हा खालीही येईल अशी गाडी त्यांना हवी होती. तेव्हा गोंदियासुद्धा भंडाऱ्यातच होतं. वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ ला. म्हणजे आमची जीप गोंदिया जिल्ह्यापेक्षा वयानं मोठी!

मला गाडी शिकवली तीही बाबांनीच. बारावीनंतरची मे महिन्याची सुट्टी, आटलेला तलाव आणि त्याच्या भेगाळलेल्या बुडात मी आणि जीप. बाबांची शिकवायची पद्धत एकदम सोपी. गियर कर्रकन वाजला की ते समोर बघतच ओरडायचे, "क्लच!" बास. ना कौतुक, ना राग. त्या सुट्टीत मी हा शब्द हजार वेळा तरी ऐकला असेल. महिन्याच्या शेवटी मी स्वतः पाळीवर गाडी चढवली तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. मला कळलं, मी पास झाले.

गेल्या फेब्रुवारीत बाबांना लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकदम गेलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की बहुतेक माणसांच्या मेंदूत बोलण्याचं केंद्र डाव्या बाजूला असतं आणि उजवे हातपायही तीच बाजू चालवते. म्हणून हे सगळं जोडीनं जातं. याला अफेजिया म्हणतात. माणसाची बुद्धी शाबूत असते, पण शब्द सापडत नाहीत. बाबांना एकच शब्द सापडत होता. "हौ." पाणी हवं, हौ. पाणी नको, तरी हौ.

मग सुरू झाली घरातली परीक्षा. स्पीच थेरपिस्टनं चित्रांची कार्डं दिली होती. कप, चमचा, गाय, घर. तिनं सांगितलं होतं, थोडा वेळ करा, थकवू नका. पण आम्ही कसले ऐकतो! आई विचारायची, बंगळूरहून दादा व्हिडिओ कॉलवर विचारायचा, शेजारच्या काकू भाजी द्यायला आल्या तरी एक कार्ड उचलायच्या. "सांगा भाऊजी, हे काय आहे?" तीस वर्षं ज्यांनी तलावांना पाणी धरायला लावलं, त्या माणसाला कपाचं चित्र दाखवून 'हे काय?' शनिवारी मी नागपूरहून यायची आणि मीही तेच करायची. बाबा हळूहळू चेहरा भिंतीकडे वळवायला लागले.

जीप अंगणात पडून होती. बॅटरी उतरली, टायर बसले. मार्चमध्ये मी तिला दुरुस्त करून नागपूरला घेऊन आले, निदान चालती राहील म्हणून. पण खरं म्हणजे विकायचा विचार पक्का होत आला होता. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी आरटीओकडे फिटनेस, नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर. २०११, २०१६ आणि २०२१ अशा तीन खेपा झाल्या होत्या. आता चौथी आली. ती पार्किंगमधली भेट झाल्यापासून पुण्याच्या मुलाचा एकच धोशा होता. "मला दे ना, मस्त रिस्टोअर करतो." आकडाही बरा होता. आई म्हणाली, "देऊन टाक बेटा, ते काय आता चालवणार आहेत?" मी त्याला आरसी बुकचा फोटोसुद्धा पाठवला.

दसऱ्यानंतरच्या रविवारी म्हटलं, विकायच्या आधी एकदा बाबांना फिरवून आणू या.

आई म्हणाली, "वेडी झालीस का? धूळ, वारा..." पण एक गोष्ट तिच्याही लक्षात आली. चुलतभावाच्या एसी कारमध्ये बाबांना बसवणं म्हणजे दिव्य होतं. मान वाकवा, खाली बसा, पाय आत ओढा. एकदा त्यांचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. त्यानंतर ते त्या गाडीकडे बघेनात. जीपला वर चौकटच नाही! सीट उंच, कमरेइतकी. बाबांनी डाव्या हातानं समोरच्या काचेची फ्रेम धरली, पाठमोरे टेकले, मी पाय उचलून आत घेतले. झालं. बेल्ट लावला, कानाला मफलर. आई डबा घेऊन मागच्या आडव्या सीटवर बसली. आणि हो, कार्डं घरीच राहिली.

निघालो तेव्हा सात वाजले होते. साकोली चाळीसेक किलोमीटर. आमचा वेग पन्नास. ट्रक भोंगे वाजवत मागे टाकून जात होते. डिझेल इंजिनचा तो धडधडाट, वर वारा. एक अक्षर ऐकू येईना. आणि एकदम माझ्या लक्षात आलं, आज बाबांना कुणी काही विचारूच शकत नाही. मीही गप्प, आईही गप्प. आठ महिन्यांत पहिल्यांदाच आम्ही तिघं सारखे होतो.

लाखनीच्या अलीकडे धानाच्या बांध्या सुरू झाल्या. धान निसवलं होतं. कुठंतरी चिन्नोर लावलेला असणार, कारण वाऱ्याबरोबर तो वास आला. शिजलेल्या भाताचा नव्हे, उभ्या पिकाचा. मी दर आठवड्याला याच रस्त्यानं बसनं जायचे, काच लावून, कानात हेडफोन घालून. हा वास मला शाळा सुटल्यापासून आला नव्हता. बाबांनी डोळे मिटले होते. मग त्यांनी डावा हात उचलला आणि हायवे सोडून आतल्या रस्त्याकडे दाखवला.

पुढचे दोन तास गाडी मी चालवली, पण वाट बाबांनी काढली. डावीकडे, उजवीकडे, थांब. पाच तलाव पाहिले. प्रत्येक पाळीपाशी त्यांचा हात वर व्हायचा, एखाद्या ओळखीच्या माणसाला करावा तसा.

एका तलावाजवळ बैल घेऊन चाललेले एक आजोबा थांबले. त्यांनी आधी जीप ओळखली, मग बाबांना. "ठेकेदार साहेब! कसे आहा जी? लय दिसांनी."

"हौ," बाबा म्हणाले.

"तुमी केलेली पाळ अजून तशीच आहे, पाहा."

"हौ."

"औंदा पाणी बरं आहे जी."

"हौ."

दहा मिनिटं गप्पा चालल्या. त्या आजोबांना काही वेगळं वाटलंच नाही. आमच्याकडे अर्धं बोलणं तसंही 'हौ'वरच चालतं! काळ्या काचांच्या कारमधून गेलो असतो तर ते बैलांना बाजूला घेऊन नुसते उभे राहिले असते. उघड्या गाडीत तुम्ही लोकांना दिसता. आजवर मला ती तिची कटकट वाटत होती.

शेवटचा मुक्काम साकोलीजवळचा शिवनीबांध. जिल्ह्यातला जुना, मोठा तलाव. पाळीवर जीप लावली, डबा उघडला. खाली पाण्यात ढिवर मंडळी शिंगाडे काढत होती. आईनं किलोभर घेतले. बाबांनी डाव्या हातानं एक सोलून मला दिला.

परत निघालो. उतारावर दुसरा टाकताना माझं लक्ष पाण्याकडं होतं. गियर कर्रकन वाजला.

"क्लच!"

मी ब्रेक मारला. मागे आईच्या हातातले शिंगाडे सांडले. इंजिन बंद पडलं आणि त्या शांततेत आम्ही दोघी बाबांकडे बघत राहिलो. ते समोर बघत होते. चेहऱ्यावर तीच जुनी वैतागलेली आठी. इतकी वर्षं गाडी चालवते आणि अजून गियर वाजवते!

"हौ बाबा," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

चमत्कार वगैरे काही झालेला नाही, हेही सांगते. नंतर आठवडाभर पुन्हा फक्त हौ. थेरपिस्ट म्हणाली, असं होतं. विचारलं की शब्द अडतो, पण सवयीचा, प्रसंगातून आलेला शब्द कधी कधी आपसूक निसटतो. तिनं सांगितलं, फिरवा त्यांना. मग आम्ही फिरतोय. आंभोऱ्याला वैनगंगेच्या संगमावर गेलो, पवनीचे घाट झाले, तुमसरकडचा अंबागड खालूनच पाहिला. आतापर्यंत अकरा शब्द झाले आहेत. 'पाळ', 'हळू' आणि 'चहा' धरून. आईची तक्रार अशी की त्यात तिचं नाव अजून नाही.

आरटीओत नूतनीकरणाची फाइल टाकली. आणखी पाच वर्षं. त्या रात्री पुण्याच्या मुलाला मेसेज केला, "सॉरी, गाडी विकायची नाही. पण रविवारी येत असशील तर मागच्या सीटवर जागा आहे."

त्याचं लगेच उत्तर आलं, "येतो! काय आणू?"

मी लिहिलं, "मफलर."